संशयित दुःखाची तरतूद

आमच्या लहानपणी कोकणात टेन्शन नव्हतं. म्हणजे कटकटी होत्या, काळज्या होत्या, जीव टांगणीला लागायचा, पोटात गोळा यायचा, डोक्याला ताप व्हायचा. पण या सगळ्यांना मिळून एक नाव नव्हतं. नाव नसलं की खातं उघडता येत नाही, आणि खातं नसलं की शिल्लक दिसत नाही. त्यामुळे वडीलधारी माणसं छातीठोकपणे सांगायची, "आमच्या वेळी हे असले प्रकार नव्हते." पुढे नाव आलं आणि खातेदारांची रांग लागली. आधी ते मोठ्या साहेबांना झालं, मग कारकुनांना, मग दहावीच्या मुलांना, मग त्या मुलांच्या आयांना. आमच्या बँकेत तर ते कर्जालासुद्धा होतं.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही. रिझर्व्ह बँकेच्या भाषेत 'स्ट्रेस्ड अ‍ॅसेट' असा चक्क शब्द आहे. हप्ता थकला की कर्जावर ताण आला असं समजायचं. या ताणाच्या पायऱ्या २०१४ सालीच आखून दिलेल्या आहेत. थकबाकी ३० दिवसांपर्यंत असली तर पहिली पायरी, ३१ ते ६० दिवस दुसरी, ६१ ते ९० तिसरी, आणि ९० च्या पुढे गेलं की कर्ज अनुत्पादक. ज्याला हात नाहीत, पाय नाहीत, मज्जातंतू तर नाहीतच नाहीत, अशा कर्जाचा ताण दिवस मोजून ओळखण्याची ही व्यवस्था. त्या कर्जाच्या वसुलीला उन्हातान्हात हिंडणाऱ्या कारकुनाच्या ताणाला मात्र अजून कोणी पायऱ्या बांधल्या नाहीत. असो.

सांगायचा मुद्दा असा की, या रांगेत आता कोळंबी येऊन उभी राहिली आहे, आणि तिच्यापायी माझ्यासारख्या बी. कॉम. झालेल्या माणसावर तत्त्वज्ञान करायची पाळी आली आहे.

आम्ही राहतो हर्णे बंदरात. तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. एवढ्याशा गावाला चार-चार किल्ल्यांचा बंदोबस्त, पण गावाची खरी ख्याती मासळीच्या लिलावाची. अशा गावात आमची कन्या दिवाळीच्या सुटीत कोळंब्या घेऊन आली. पंढरपूरला जाताना कोणी घरून बुक्का बांधून न्यावा, तसलाच हा प्रकार. कन्या रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकते. ते महाविद्यालय १९८१ पासूनचं, त्यामुळे तिथे शहाणपण भरपूर साठलेलं आहे आणि त्यातलं बरंचसं सुटीत आमच्या घरी येतं. या खेपेला ते काचेच्या पेटीतून आलं. पेटीत वाळू, थोडं शेवाळ, चार पाणवनस्पती आणि गोड्या पाण्यातल्या वीस लालचुटुक कोळंब्या. एकेकीची लांबी जेमतेम इंचभर.

सौ.ने पेटीत वाकून पाहिलं आणि विचारलं, "एवढ्याशाचं होणार काय? वाटणसुद्धा फुकट जाईल."

"आई! या खायच्या नाहीत, पाळायच्या आहेत."

कोकणातल्या स्वयंपाकघरात हे वाक्य बहुधा प्रथमच उच्चारलं गेलं असावं. मग आम्हाला माहिती मिळाली. या कोळंबीचं नाव चेरी, शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी. मूळची तैवान-चीनकडची आणि मूळ रंगाने मातकट. लाल तेवढी ठेवायची, बाकीची बाजूला काढायची, असं पिढ्यान्‌पिढ्या करत माणसाने तिला लाल केली. आयुष्य वर्ष-दोन वर्षांचं. जपानमध्ये ताकाशी अमानो नावाचे एक छायाचित्रकार होते, २०१५ साली वारले. काचेच्या पेटीत पाण्याखाली बगीचे फुलवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांनी १९८० च्या दशकात शेवाळ साफ करायच्या कामावर गोड्या पाण्यातली कोळंबी नेमली, आणि तिथून हा छंद पसरला. म्हणजे कोळंबी माणसाच्या दिवाणखान्यात आली ती झाडलोट करायला, आणि बघता बघता घरची मालकीण होऊन बसली.

सुटी संपली. कन्या परत जाताना माझ्या हातात एक फुलस्केप कागद ठेवून म्हणाली, "बाबा, यांना स्ट्रेस फार लवकर येतो. यात लक्षणं लिहिली आहेत. तुम्ही रोज सह्या पडताळता, तुम्हाला जमेल."

आता सही पडताळणं आणि कोळंबीचं मन पडताळणं यांत थोडा फरक आहे. पण पोरगी विश्वासाने बोलली, म्हणून मी रोज सकाळी सह्यांचं भिंग घेऊन पेटीपुढे बसू लागलो. लक्षणं अशी होती. रंग फिका पडणं. खाणं टाकलं तरी जागची न हलणं. एका कोपऱ्यात पडून राहणं. किंवा याच्या नेमकं उलट, काचेवर आपटत सैरावैरा पोहणं. सगळ्याजणी मिळून पृष्ठभागाशी गोळा होणं, म्हणजे पाण्यात प्राणवायू कमी तरी पडला असेल किंवा घाण वाढली असेल. पोटाखाली अंडी धरलेल्या मादीने ती टाकून देणं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे डोकं आणि धड यांच्यामध्ये पांढरं कडं दिसणं. कोळंबी वाढते ती जुनं कवच टाकून. ते नीट सुटलं नाही की असं कडं दिसतं, आणि मग ती बहुधा वाचत नाही.

वाचायला सोपं वाटतं. पण एका सकाळी पाहतो तो पेटीत एकच धावपळ! दहाबारा कोळंब्या वेड्यासारख्या इकडून तिकडे पोहत होत्या. कागदाप्रमाणे हा ताणच. मी घाईघाईने शिरगावला फोन लावला. पलीकडून शांतपणे प्रश्न आला, "बाबा, एखादीने कात टाकलीय का बघा." पाहिलं तर खरंच, वाळूवर एक पारदर्शक कवच पडलेलं.

"मग काही नाही. मादीने कात टाकली की पाण्यात तिचा वास पसरतो, आणि सगळे नर तिला शोधत सुटतात. तो स्ट्रेस नाही."

म्हणजे पाहा! ज्याला मी संकट समजत होतो तो स्वयंवराचा मंडप होता. आणि नवरी कुठे होती? कवच टाकल्यावर अंग मऊ असतं, म्हणून ती झाडामागे लपली होती. कागदात 'कोपऱ्यात पडून राहणं' हे ताणाचं लक्षण लिहिलेलं. इथे तीच तब्येतीची खूण. तेव्हा दुसऱ्याचं दुःख ओळखणं हे लक्षणांच्या यादीवर खुणा करण्याचं काम नाही, रोजचं कसं असतं ते आधी ठाऊक असावं लागतं, हे मला कोळंबीने शिकवलं. बँकेत ग्राहकाला ओळखण्याच्या नावाखाली आम्ही कागदपत्रं गोळा करतो, ती गोष्ट वेगळी.

ताणावरचे इलाज तर आणखी मजेदार आहेत, कारण त्यातले निम्मे म्हणजे काही न करण्याचे आहेत. नवी कोळंबी आणली की तिला एकदम पेटीत ओतायची नाही. नळीने थेंब थेंब करून पेटीतलं पाणी तिच्या पाण्यात मिसळत राहायचं, तासभर, दोन तास. मग सोडायची. हे वाचून मला माझ्या बदल्या आठवल्या. शुक्रवारी संध्याकाळी हातात कागद आणि सोमवारी सकाळी दोनशे कोस लांब हजर! थेंब थेंब तर सोडाच, आम्हाला बादलीने ओतलं. आम्हीही त्या काळात फिके पडून कोपऱ्यात बसत होतो, पण आमच्याकडे भिंग लावून कोण बघणार?

पाणी बदलायचं तेही दहावा-पाचवा हिस्सा, त्याच तापमानाचं. उरलेलं खाणं काढून टाकायचं. हवेचा पंप चालू ठेवायचा. उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी राहतो, म्हणून मे महिन्यात पेटीवर पंखा. घरात डासांचा फवारा बंद, कारण त्यातली विषं कोळंबीच्या जातीला फार लवकर लागतात. पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर टाकते, त्यातला क्लोरिन कोळंबीला सोसत नाही. ते पाणी आणून उघडं ठेवायचं, मगच वापरायचं. आणि कवच धरायला चुना लागतो. आमच्या जांभ्या दगडातल्या पाण्यात तो कमीच, म्हणून समुद्रावर वाहून आलेला समुद्रफेस, म्हणजे माकुलाच्या पाठीतलं पांढरं हाड, खारटपणा जाईपर्यंत धुऊन पेटीत ठेवायचं. टाकलेलं कवचही उचलायचं नाही, त्या ते खातात. आपली जुनी कात स्वतःच खाऊन नवी घालायची, इतकी काटकसर तर आमच्या आळीतही नाही.

या कामात आमच्या आईने मदत करायचं ठरवलं. वय ७८, पण उत्साह दांडगा. "फोनवर सांगत होती ना, पाणी चांगलं हवं म्हणून? मी तांब्याच्या हंड्यात रात्रभर भरून ठेवते. तांब्याचं पाणी प्रकृतीला उत्तम." हे फोनवर ऐकताच कन्या किंचाळली. तांबं म्हणजे कोळंबीला विषच! गंमत अशी की, आपल्या रक्तात जसं लोह, तसं कोळंबीच्या रक्तात तांबंच असतं, पण बाहेरचं पाण्यातून आलं की ती मरते. आई जरा हिरमुसली. "पाहुणा घरात आला की त्याला काय सोसत नाही ते आधी विचारावं हे खरं," म्हणाली, आणि हंडा परत मोरीत गेला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोटाळा झाला संध्याकाळी.

चारनंतर हर्णे बंदरात लिलाव भरतो. मासळीने भरलेल्या होड्या पाण्यात उभ्या राहायच्या आणि बैलगाड्या थेट समुद्रात घालून मासळी किनाऱ्यावर आणायची, ही इथली जुनी रीत. पापलेट, सुरमई, बांगडा, आणि टोपल्याच्या टोपल्या कोळंबी. त्या टोपल्यांसमोर मी पिशवी घेऊन उभा, आणि डोक्यात सकाळचं भिंग. घरी वीस कोळंब्या, त्यातली एक फिकी दिसली तर ट्रंक कॉलच्या आवेशात फोन. इथे तिच्याच दशपाद कुळातल्या किती, ते मोजायलासुद्धा कोणी तयार नाही, वजनावर काम. एकाच प्राण्याची दोन खाती, एक बचत खातं आणि एक चालू खातं. दोन्हींचा ताळा कसा जुळवायचा?

ओळखीची मावशी म्हणाली, "सायब, घ्या कोलंबी. ताजी हाय."

मी बोलून गेलो, "मावशी, जाळ्यात हिला काय वाटत असेल हो?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. बँकेतली माणसं अधूनमधून असं बोलतात याची तिला सवय असावी. "हिला काय वाटंल त्ये इचारता? माजा पोरगा रात-रात दर्यावर असतो. त्याला काय वाटतं, ह्ये कोन इचारतंय का? वाटा घेता का सांगा."

मी वाटा घेतला. मावशीच्या मुलाच्या होडीचं कर्ज आमच्याच शाखेत आहे, आणि ते सध्या दुसऱ्या पायरीवर आहे. कर्जाचा ताण संगणकात नोंदलेला आहे. मुलाचा नाही, मावशीचा नाही.

तर असा हा दुहेरी प्रश्न. एक, कोळंबीला दुःख होतं का? आणि दोन, होत असलं तरी माणसांची दुःखं रांगेत उभी असताना तिची चौकशी करणं शोभतं का?

पहिल्या प्रश्नावर विद्वानांनी बरंच काम केलं आहे. बेलफास्टचे रॉबर्ट एल्वुड आणि त्यांचे सहकारी यांनी २००८ साली एका जातीच्या कोळंबीच्या मिशीला आम्ल लावून पाहिलं. ती मिशी ती पुन्हापुन्हा चोळू लागली, काचेला घासू लागली; आणि आधी बधिर करणारं औषध लावलं तर हे चोळणं कमी झालं. आपण दाढ धरून बसतो तसंच. पण २०१० साली दुसऱ्या संशोधकांनी दुसऱ्या जातींवर आम्लं लावून पाहिली, तर त्यांना असं काही दिसलं नाही. पुढे २०१४ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी गोड्या पाण्यातल्या क्रेफिशला विजेचे सौम्य झटके देऊन पाहिलं. त्यानंतर तो उजेडाच्या वाटा टाळून अंधारात बसू लागला, आणि माणसांना चिंतेवर देतात त्या जातीचं औषध दिल्यावर पुन्हा हिंडू लागला! इंग्लंडात २०२१ साली 'लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स'च्या मंडळींनी असे ३०० हून अधिक अभ्यास चाळून पुरावा बळकट असल्याचा कौल दिला, आणि २०२२ च्या कायद्यात खेकडे-कोळंबीची गणना संवेदना असलेल्या प्राण्यांत झाली. अर्थशास्त्राच्या शाळेने कोळंबीला जाणीव बहाल केली हे वाचून कॉमर्सवाल्याला अभिमान वाटला.

तरीही खात्री कोणालाच देता येत नाही. कोळंबी मिशी चोळते हे दिसतं. चोळताना आत काही दुखतं का, हे दिसत नाही. पण म्हणून हसू नका. तुमची दाढ दुखते हेसुद्धा मला तुमच्या सांगण्यावरूनच कळतं. माझ्या दाढेपुरताच मी प्रत्यक्ष साक्षीदार. बाकी सगळ्या जगाची दाढदुखी ही माझ्या लेखी ऐकीव माहिती. आणि जो सांगत नाही त्याचं काय? आईचा गुडघा दुखत असला की ती "काही नाही रे" म्हणते. पुरावा मागायचा झाला तर तिचं दुखणं सिद्धच होणार नाही. आम्ही ते ओळखतो ते ती देवघरातून उठायला वेळ लावते त्यावरून. एकनाथमहाराजांची गोष्ट आपण शाळेत ऐकली. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगा त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. गाढवाने तीन प्रतींत अर्ज केला नव्हता, आणि नाथांनीही तहानेचा दाखला मागितला नव्हता.

आणि इथे माझी बी. कॉम. उपयोगी पडली. हिशोबशास्त्रात सावधगिरीचं एक तत्त्व आहे. नफा हातात पडेपर्यंत तो धरू नये. तोट्याची मात्र शंका आली की लगेच त्याची तरतूद करावी. याला म्हणतात संशयित कर्जाची तरतूद. कर्ज बुडेल याची खात्री झाल्यावर तरतूद करणारी बँक ही बँक नव्हे, भिशी. आता हेच तत्त्व उचलून पलीकडे ठेवा. 'याला दुःख होत नाही' असं धरण्यात नफा आपला असतो. कष्ट वाचतात, वेळ वाचतो, जेवण लवकर होतं. तेव्हा तो नफा पुराव्याशिवाय धरायचा नाही. दुःखाची मात्र रास्त शंका आली की तरतूद करून मोकळं व्हायचं. शास्त्रज्ञांचा अंतिम निकाल येईपर्यंत वह्या उघड्या ठेवता येत नाहीत. ३१ मार्च काही थांबत नाही.

हे मी आमच्या शेजारच्या निवृत्त गुरुजींना सांगितलं. ते म्हणाले, "अहो, मग डासांचं काय? उद्या म्हणाल, भेंडी चिरण्याआधी तिची परवानगी घ्या!"

मी म्हटलं, "गुरुजी, तरतुदीचे दर असतात. चांगल्या कर्जावर शंभर रुपयांमागे काही पैसे, बिघडलेल्यावर जास्त, पुरत्या बुडालेल्यावर शंभर टक्के. कुत्रा विव्हळला तर शंका कसली? पूर्ण तरतूद. कोळंबीला त्याहून कमी. डासाला काही पैसे. भेंडीला मज्जातंतूच नाहीत, ती आमच्या शाखेची खातेदारच नाही." गुरुजी गप्प बसले नाहीत, ते कधीच बसत नाहीत, पण भेंडीवरून मात्र उतरले.

आपला कायदा याबाबतीत आपल्याला वाटतो त्यापेक्षा शहाणा आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत या विषयावर आधी खासगी विधेयक आणलं होतं, आणि पुढे १९६० साली प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्यात प्राणी कोण? तर माणूस सोडून कोणताही जिवंत जीव. म्हणजे इंग्लंडला २०२२ साली जे जमलं ते कागदावर आपण बासष्ट वर्षं आधीच करून बसलो आहोत! त्याच कायद्यात खाण्यासाठी प्राणी मारायला मुभा आहे, पण अट अशी की त्यात अनावश्यक वेदना देता कामा नये. सगळी मेख त्या 'अनावश्यक' शब्दात आहे. तरतूद करणारी बँक कर्ज द्यायचं बंद करत नाही; ती फक्त बेफिकीर राहायचं बंद करते.

राहिला मावशीचा प्रश्न, आणि तो जास्त अवघड आहे. माणसांची दुःखं आधी, यात वाद नाही. कंपनी बुडाली की कोणाची देणी आधी द्यायची याचा क्रम ठरलेला असतो. पण क्रमात खाली असलेल्या धनकोचं देणं म्हणून खोटं ठरत नाही, आणि वरच्याचं देणं बुडवायला खालच्याचं नाव सांगता येत नाही. उलट मला अशी माणसं दिसतात की, जी कोळंबीचा विषय निघाला की माणसांची आठवण काढतात आणि माणसांचा विषय निघाला की घड्याळाची. मावशी त्यातली नव्हे. तिचा दावा पहिल्या क्रमांकाचा आणि रोख होता. म्हणून दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढे तिच्या मुलाच्या खात्याचा कागद ठेवला आणि विचारलं, जून-जुलै ६१ दिवस मासेमारी बंदच असते, तर हप्ते हंगामाप्रमाणे बांधून देण्याचा प्रस्ताव वर पाठवता येईल का? साहेब म्हणाले, "पाठवू." निर्णय काय होईल तो होईल. पण सकाळी भिंग लावून वीस कोळंब्यांचा रंग बघणाऱ्या माणसाला दुपारी काउंटरपलीकडचा चेहरा बघता येत नाही असं म्हणवून घ्यायची माझी तयारी नव्हती.

हे सगळं तत्त्वज्ञान रात्री जेवताना मी आईला ऐकवलं. सावधगिरीचं तत्त्व, एल्वुड, १९६० चा कायदा, सगळं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "यात नवीन काय आहे? चिंबोऱ्या आणल्या की मी त्या कधी जिवंतपणी मोडल्यात का? ओल्या पोत्यात सावलीला ठेवायच्या, आणि एका घावात काम संपवायचं, मगच नांग्या काढायच्या. माझ्या सासूबाईंनी असंच शिकवलं."

"का पण?"

"तिला काय कळतं ते आपल्याला काय ठाऊक? आपण काय करतोय ते आपल्याला ठाऊक असतं ना."

मी तीन वर्षं कॉलेजात जाऊन शिकलो ते तत्त्व आमच्या घरात निदान दोन पिढ्या चुलीशेजारी चालत होतं, फक्त त्याला नाव नव्हतं. आता त्यात फ्रिजची भर पडली आहे. खेकडा बर्फात ठेवला की थंडीने सुस्त पडतो. मग आईचा तो एक घाव. सौ. म्हणते, यात कामाला दहा मिनिटं जास्त लागतात. लागतात. तीच तरतुदीची रक्कम.

हिशोबात आणखी एक सोय आहे, आणि ती मला या प्रकरणात फार आवडते. केलेली तरतूद जास्त ठरली तर पुढे ती परत उत्पन्नात जमा करता येते. उद्या एखाद्या विद्वानाने शंभर टक्के सिद्ध केलं की कोळंबीला आणि खेकड्याला काही म्हणजे काही वाटत नाही, तर आमचं नुकसान किती? रोजची दहा मिनिटं, बर्फाचा एक ट्रे आणि समुद्रफेस धुवायला लागलेलं बादलीभर पाणी. एवढं जमाखर्चात सहज मिटेल. पण सिद्ध झालं उलट, तर? इतकी वर्षं थकवलेली रक्कम फेडायला खातेदार कुठे शोधणार? त्यांच्यातले बरेचसे आमच्याच पोटात खाती बंद करून गेलेले.

तोवर वह्या अशा आहेत: पेटीत वीसच्या अठ्ठेचाळीस झाल्या आहेत, रंग सगळ्यांचा लाल आहे, पांढरं कडं एकीलाही नाही. आणि आज शुक्रवार आहे, कोळंबीची खिचडी आहे. ती लिलावातली.